अबोल मुलगी, कॉलेज आणि नेतृत्वगुण

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तालुक्याच्या गावाहून पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आली. अभ्यासात नीट आहे, पण अबोल आहे. वर्गात हात वर करत नाही, शाळेत कधी मॉनिटर नव्हती. नातेवाईक म्हणतात, आजकाल नुसत्या मार्कांवर काही होत नाही, लीडरशिप लागते. सुट्टीत दोन दिवसांचं नेतृत्व विकास शिबिर आहे, फी बरीच आहे. पाठवावं का? आणि मुळात कॉलेजात यश मिळवायला हे गुण लागतात का?

शिबिराला पाठवू नका, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे येईल.

मूळ प्रश्नाचं उत्तर: चांगला सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची एकत्रित गुणसरासरी) मिळवायला नेतृत्वगुण लागत नाहीत. त्याला लागते तासांची हजेरी, जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) वेळेवर सर्टिफाय करून घेणं, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका हाताने लिहून सोडवणं आणि गणिताची केटी लागू न देणं, म्हणजे नापास होऊन तो विषय मागे राहू न देणं. पहिल्या दोन सेमिस्टरना तर एवढंच पुरतं. पण त्यानंतर कॉलेजात अशी कामं सुरू होतात जी एकट्याने करताच येत नाहीत. मिनी प्रोजेक्ट, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर, टेक्निकल फेस्ट. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तर एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांनाही श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. एक श्रेयांक म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक, म्हणजे हा वेळ आता 'अभ्यास सोडून केलेल्या उद्योगां'त मोजला जात नाही. या कामांत जो मागे पडतो तो बहुतेक वेळा बुद्धीत कमी नसतो. चार जणांकडून काम वेळेवर पुरं करून घेणं त्याला जमत नाही, तिथे तो अडतो.

मी नेतृत्व म्हणतो ते एवढंच. कॉलेजात ते करणं एका अर्थाने नोकरीपेक्षा अवघड आहे. साहेबाच्या हातात पगार असतो, सुभेदाराच्या खांद्यावर हुद्दा असतो. प्रोजेक्ट ग्रुपमधल्या मुलीच्या हातात काहीच नसतं. समोरचा तिच्याच वयाचा, तिच्याइतकेच मार्क असलेला, आणि 'मला नाही जमणार' म्हणून केव्हाही निघून जाऊ शकणारा असतो. त्याला दम देऊन चालत नाही आणि विनवण्या करूनही चालत नाही. मोठा आवाज, स्टेजवरचं बोलणं, फाडफाड इंग्रजी यांचा या कामाशी फारसा संबंध येत नाही. अबोल मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून ती स्वतःला आधीच बाद करून मोकळी होतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण याद्या करणं, तारखा लक्षात ठेवणं, समोरच्याचं पुरतं ऐकून घेणं या गोष्टी त्यांना बोलक्या मुलांपेक्षा अनेकदा जास्त चांगल्या जमतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

ग्रुप बहुधा तीन किंवा चार जणांचा असतो. चार जणांत आपापसातल्या जोड्या सहा होतात. पाच जणांत दहा, आठ जणांत अठ्ठावीस. प्रत्येक जोडीत काहीतरी सांगायचं राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून ग्रुप मोठा केला की काम हलकं होतं असं नाही. फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९१३ साली छापून आले. माणसं वाढवत गेलं की प्रत्येक माणूस लावत असलेला जोर कमी होत जातो, असं त्यांना दिसलं. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. दोन, आपला वाटा कुणाला वेगळा दिसणार नाही हे कळलं की हात आपोआप सैल पडतो. १९७९ मध्ये अमेरिकेत लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, आणि दुसरं कारणही खरं असल्याचं दाखवलं. प्रोजेक्ट ग्रुपमधला 'फुकट्या' हा दरवेळी स्वभावाने आळशी असतो असं नाही. त्याचा वाटा कुठे वेगळा दिसतच नाही, हेही कारण असतं. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे प्रत्येकाचं काम नावानिशी दिसेल अशी सोय करणं.

बहुतेक ग्रुप कामाची वाटणी अशी करतात: एकाने फ्रंट-एंड (पडद्यावर दिसणारी पानं), दुसऱ्याने बॅक-एंड (मागे चालणारा कोड), तिसऱ्याने डेटाबेस (माहितीचा साठा), चौथ्याने रिपोर्ट. ही वाटणी दिसायला सोपी असते आणि दोन ठिकाणी हमखास फसते. तिन्ही तुकडे शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा एकमेकांना जोडले जातात. एकाने तारीख दिवस-महिना-वर्ष अशी साठवलेली असते, दुसऱ्याच्या पानावर ती वर्ष-महिना-दिवस अशी वाचली जाते, आणि रिव्ह्यूच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या तपासणीच्या, आदल्या रात्री चौघं जागतात. दुसरं म्हणजे, रिपोर्टवाला व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मार खातो. बाहेरून आलेले परीक्षक नेमकं त्यालाच विचारतात, 'हा अल्गोरिदम का निवडला?' आणि त्याने फक्त टायपिंग केलेलं असतं.

त्याऐवजी आडवी वाटणी सोडून उभी वाटणी करावी. समजा वाचनालयासाठी सॉफ्टवेअर करायचं आहे. पहिल्या तीन आठवड्यांत फक्त एक काम शेवटपर्यंत चालतं करायचं: सभासदाने पुस्तकाचं नाव टाकलं की ते आहे की नाही हे पडद्यावर दिसलं पाहिजे. दिसायला ओबडधोबड असलं तरी चालेल, पण पानापासून डेटाबेसपर्यंत आणि परत, सगळं जोडलेलं हवं. मग पुस्तक देणं एकीने, परत घेणं नि दंड दुसऱ्याने, सभासद नोंदणी तिसऱ्याने, अहवाल नि शोध चौथ्याने, असं करायचं. प्रत्येक जण आपल्या भागाचं पान, कोड आणि टेबल तिन्ही करतो. रिपोर्टमधला आपल्या भागाचा मजकूरही तोच लिहितो. व्हायवात कोणालाही काहीही विचारलं तरी निदान एक भाग प्रत्येकाला मुळापासून येतो.

तारखा मागून पुढे लावायच्या. सेमिस्टरमध्ये शिकवण्याचे साधारण पंधरा आठवडे धरा. शेवटचे दोन आठवडे रिपोर्ट, छपाई आणि सह्यांसाठी बाजूला काढा. हे जास्त वाटतं, पण नसतं. ब्लॅक बुकला, म्हणजे बाइंडिंग केलेल्या अंतिम रिपोर्टला, गाईड (मार्गदर्शक शिक्षक), विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्या लागतात. यांपैकी एक जण परीक्षेच्या ड्युटीवर किंवा बाहेरगावी गेला की तीन दिवस गेले. त्या दिवसांत कॉलेजजवळच्या बाइंडिंगवाल्याकडे सगळ्या शाखांची गर्दी असते. त्याआधीचे दोन आठवडे चुका काढण्यासाठी. म्हणजे नवं काहीही जोडणं अकराव्या आठवड्याच्या शेवटी बंद. 'अजून एक फीचर टाकूया, सरांना आवडेल' ही सूचना बाराव्या आठवड्यात येतेच, आणि बहुधा ग्रुपमधल्या सगळ्यात हुशार मुलाकडून येते. तेव्हा 'नाही' म्हणता येणं हे या सबंध प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य आहे. 'छान आहे, रिपोर्टच्या फ्यूचर स्कोपमध्ये लिहू' असं म्हणावं. सूचना वाया जात नाही आणि काम थांबत नाही.

आता रोजचं बोलणं कसं असावं ते बघा. ग्रुपवर नेहमी जाणारा संदेश असा असतो: 'उद्यापर्यंत सगळ्यांनी आपापलं काम पूर्ण करा प्लीज.' याला तीन अंगठे येतात आणि काम शून्य होतं. सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. हाच संदेश असा लिहावा: 'दंडाचं पान तुझ्याकडे, गुरुवारी रात्री नऊपर्यंत. पुस्तक दहा दिवस उशिरा आलं तर बरोबर रक्कम दिसली पाहिजे, आणि वेळेत आलं तर शून्य. कुठे अडलं तर बुधवारी संध्याकाळीच सांग, मी बसते तुझ्याबरोबर.' यात काम कोणाचं, केव्हापर्यंत, आणि 'झालं' म्हणजे नेमकं काय हे तिन्ही आलं. शिवाय अडचण सांगायची वेळ मुदतीच्या आधीची ठरली. हे चौथं कलम लोक विसरतात आणि मग मुदतीच्या दिवशी 'अरे, लॅपटॉप बंद पडला होता' हे ऐकायला मिळतं. असे संदेश लिहायला वक्तृत्व लागत नाही. अबोल मुलगी ते उत्तम लिहू शकते.

आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेट हवी, पंचवीस मिनिटांची. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: मागच्या वेळेपासून काय झालं, पुढच्या भेटीपर्यंत काय करणार, कुठे अडलंय. लांबलचक तांत्रिक चर्चा निघाली की ज्या दोघांचा प्रश्न असेल त्यांनी नंतर बसायचं, बाकीच्यांना अडकवायचं नाही. भेट संपल्यावर चार ओळी ग्रुपवर टाकायच्या आणि त्याच प्रोजेक्ट डायरीत, म्हणजे गाईडची सही होते त्या लॉगबुकात लिहायच्या. बरेच ग्रुप हे लॉगबुक सेमिस्टरच्या शेवटी एका रात्रीत भरतात, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. ज्या ग्रुपने ते दर आठवड्याला भरलं असेल त्याला भांडणाच्या वेळी त्याचा फार मोठा आधार होतो.

भांडण होणारच. एक जण काम करत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये असते. त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर टोचून बोलायचं नाही. पहिल्यांदा त्याला एकट्याला कँटीनमध्ये गाठून विचारायचं, 'कुठे अडलंय?' कारणं बहुतेक वेळा चारच असतात. त्याला ते येत नाही आणि सांगायची लाज वाटते. तो संध्याकाळी कुठेतरी काम करतो. घरी काहीतरी चालू आहे. किंवा त्याचा विषय कुणी विचारातच घेतला नव्हता आणि तो रागावला आहे. पहिल्या कारणाला दोन दिवसांत होईल एवढं छोटं काम द्यायचं आणि शेजारी बसून सुरुवात करून द्यायची. दुसऱ्या नि तिसऱ्याला वेळा बदलून द्यायच्या. चौथ्याला त्याची एक सूचना खरोखर मान्य करायची. हे करूनही दुसऱ्यांदा तेच झालं तर चौघांसमोर, शांतपणे, नवी तारीख डायरीत लिहायची. तिसऱ्या वेळी गाईडकडे जायचं, पण 'सर, हा काही करत नाही' म्हणून नव्हे. 'सर, दंडाचा भाग तीन आठवडे अडकलाय, आम्ही तो असा वाटून घेतला तर चालेल का?' असं म्हणायचं. आणि हे पहिल्या किंवा दुसऱ्या रिव्ह्यूआधी करायचं. शेवटच्या प्रेझेंटेशनच्या दिवशी केलेल्या तक्रारीला गाईडही काही करू शकत नाहीत.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी असते, आणि अभ्यासू मुली या चुकीत जास्त सापडतात: सगळं स्वतःच करून टाकणं. 'त्यांना सांगण्यापेक्षा मीच करते, लवकर होईल.' पहिल्या आठवड्यात खरंच लवकर होतं. आठव्या आठवड्यापर्यंत बाकी तिघांना कोड ओळखूही येत नाही आणि त्यानंतर त्यांना द्यावंसं वाटलं तरी काही देता येत नाही. तिच्या बाकीच्या विषयांचे मार्क घसरतात, ग्रुपला सारखेच मार्क मिळतात, आणि तिच्या मनात कायमची कडवट भावना राहते. दुसऱ्याने साठ टक्के चांगलं केलेलं काम स्वीकारणं आणि त्यातल्या दोनच चुका सांगणं, ही सवय लावून घ्यावी लागते. सतरा चुका एकदम सांगितल्या की पुढच्या वेळी तो काम आणूनच देत नाही.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या स्पर्धांतही हेच सगळं लागू होतं, फक्त वेळ आखडलेला असतो. तिथे टीम सहा जणांची असते, त्यात निदान एक मुलगी असावीच लागते आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते. मुलीचं नाव केवळ नियमापुरतं टीममध्ये घालणारे असतात. अशा टीमचं निमंत्रण आलं तर आपल्याकडे कोणता भाग असेल हे आधी विचारावं आणि 'प्रेझेंटेशन तू कर' एवढंच उत्तर आलं तर दुसरी टीम शोधावी. छत्तीस तासांत झोपेच्या पाळ्या लावणं हे टीम लीडरचं पहिलं काम. सहाही जण रात्रभर जागले तर पहाटेच्या परीक्षणात बोलायला कुणीच शुद्धीत नसतं.

आता एनएसएसकडे येतो, कारण नेतृत्व शिकायला महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण कॉलेजात याहून चांगली आणि जवळजवळ फुकट जागा मला माहीत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं, असं तिचं स्वरूप आहे. शिबिर खेड्यात असतं. मुलांचे दहा-दहाचे गट पाडतात आणि गटप्रमुख नेमतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावफेरी किंवा पथनाट्य. स्वयंपाकाची पाळी गटागटाने येते.

श्रमदानात सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवा, एका पातळीत काढलेला चर) खणायचा आहे असं धरा, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. एक मीटर लांबीला ०.१८ घनमीटर माती निघते. दहा जणांचा गट आहे. नवा गटप्रमुख 'चला, सुरू करा' म्हणतो. सगळी मुलं फावडी नि घमेली उचलतात, कुदळ एकाच्याच हाती येते. कुदळीने माती सैल झाल्याशिवाय फावड्याला काम नसतं, त्यामुळे सात जण उभे राहून फोटो काढतात आणि कुदळवाला दहा मिनिटांत दमतो. जाणता गटप्रमुख आधी जमीन बघतो. मुरूम कठीण असेल तर कुदळी तीन, फावडी दोन, बाकी पाच जण घमेल्यांच्या साखळीत, असं करतो. दर पंधरा मिनिटांनी कुदळ नि घमेलं यांची अदलाबदल लावतो, शिटी वाजवून. दोरी आणि चुना लावून लांबी आधीच आखतो म्हणजे आज किती करायचंय ते सगळ्यांना दिसतं. काढलेली माती चराच्या उताराकडच्या बाजूला टाकायला लावतो, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. आणि पिण्याचं पाणी कोण आणणार हे श्रमदान सुरू होण्याआधी ठरवतो. यातल्या एकाही गोष्टीला भाषण लागत नाही. डोळे उघडे ठेवून माणसं आणि अवजारं यांचा मेळ घालावा लागतो.

स्वयंपाकाची पाळी त्याहून चांगली परीक्षा घेते, कारण तिचा निकाल त्याच दिवशी ताटात दिसतो. पन्नास जणांचा नाश्ता पोह्यांचा असेल तर माणशी सत्तर ग्रॅमच्या हिशेबाने साडेतीन किलो पोहे. दुपारच्या भाताला माणशी ऐंशी ग्रॅम धरले तर चार किलो तांदूळ, आणि श्रमदान झालेलं असल्यामुळे वर आणखी एक किलो. नवखे गट पोहे एकदमच सगळे भिजवतात आणि त्यांचा लगदा होतो. दोन घाण्यांत करावेत. कांदा चिरायला चार जण, शेगडीजवळ दोघंच, वाढायला वेगळे चार, अशी वाटणी आदल्या रात्री कागदावर लिहून भिंतीला लावली की सकाळी सहा वाजता आरडाओरडा होत नाही. दोन दिवसांच्या एसी हॉलमधल्या शिबिरात डोळे बांधून मागे पडण्याचे खेळ असतात, टाळ्या असतात, प्रमाणपत्र असतं. जबाबदारी मात्र नसते. काम फसलं तर कुणी उपाशी राहत नाही, त्यामुळे तिथे काही शिकलं जात नाही. म्हणून सुरुवातीला 'पाठवू नका' म्हटलं.

वर्गप्रतिनिधी व्हावं का, असंही पालक विचारतात. चांगलं काम आहे, पण सीआर म्हणजे निरोप्या नव्हे हे तिने पहिल्या आठवड्यात ठरवायला हवं. सबमिशनची मुदत वाढवून मागायची असेल तर 'सर, मुलं म्हणतायत पुढे ढकला' या वाक्याला विभागप्रमुखांचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी एका कागदावर लिहून न्यावं: १२ तारखेला तीन विषयांचं सबमिशन आहे, पैकी एक १५ ला ठेवलं तर त्या दिवशी लॅब मोकळी आहे, संबंधित मॅडमना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. अडचणीसोबत पर्याय नेला आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना आधी विचारलं, तर दहापैकी सात वेळा काम होतं. मास बंकच्या, म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून तास बुडवण्याच्या, वेळी सीआरची खरी कोंडी होते. वर्ग म्हणतो 'तू ग्रुपवर टाक', आणि उद्या कारवाई झाली की टाकणाऱ्याचं नाव पुढे येतं. तिने सरळ सांगावं, 'प्रत्येकाने आपलं ठरवा, मी वर्गाच्या वतीने असा संदेश टाकणार नाही. तास नको असण्याचं कारण काय ते सांगा, ते मी सरांशी बोलते.' दोन दिवस रुसवा राहतो, नंतर त्याच मुलीवर वर्गाचाही आणि शिक्षकांचाही विश्वास बसतो.

फेस्ट किंवा गॅदरिंगमध्ये मुलं अडचणीत येतात ती पैशांमुळे, म्हणून हिशेबाचं नीट सांगतो. नोंदणी फी कुणाच्याही वैयक्तिक यूपीआय खात्यावर घेऊ नये. कॉलेजच्या खात्याचा क्यूआर कोड मिळवावा, त्याला आठवडा लागला तरी चालेल. एकाच्या खात्यावर ऐंशी हजार जमा झाले की त्याने एक रुपया घेतलेला नसला तरी बोलणारे बोलतात आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. खर्चाला मंजुरी आधी घ्यायची, मंडप नि साउंड यांची तीन कोटेशनं जोडायची. बिल कॉलेजच्या नावाने घ्यायचं, मुलाच्या नावाने घेतलेलं बिल लेखा विभाग परत पाठवतो. रिक्षा, चहा, हारफुलं यांना बिल मिळत नाही, त्यांचं व्हाउचर त्याच दिवशी भरून सही घ्यायची. रोख रक्कम मोजताना दोघं हवेत. अंदाजपत्रकात दहा टक्के न सांगता येणाऱ्या खर्चासाठी ठेवायचे. आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो हे कार्यक्रमपत्रिका आखतानाच गृहीत धरायचं, म्हणजे बक्षीस समारंभ साडेनऊपर्यंत उरकायचा. शेवटचा नाच आणि पोलिसांची गाडी एकाच वेळी यायला नको.

निवडणुकांचं थोडक्यात. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या थेट निवडणुका थांबल्या, विद्यार्थी मंडळावर गुणवत्तेनुसार नेमणुका होऊ लागल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने घातलेल्या अटी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. त्यांत उमेदवाराची हजेरी निदान ७५ टक्के हवी, त्या वर्षी विषय राहिलेला नसावा आणि खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा, अशा अटी आहेत. विद्यार्थी नेत्याने आधी विद्यार्थी असावं, ही अपेक्षा त्यात आहे आणि मला ती योग्य वाटते.

कारण नेतृत्वाच्या नादात वाया गेलेली वर्षंही असतात. वाया जाण्याचा क्रम ठरलेला आहे: फेस्टच्या कामाला तास बुडतात, डिफॉल्टर यादीत (हजेरी कमी असलेल्यांच्या) नाव येतं, टर्मवर्क (सेमिस्टरभराच्या कामाचे गुण) अडतं, एटीकेटी लागते, म्हणजे विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जावं लागतं. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या ६० टक्के आणि चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नसावा अशी अट घालतात. तिथे अर्जच बाद झाला तर तीन कमिट्यांचं अध्यक्षपद सांगायची वेळच येत नाही. म्हणून वर्षाला एकच जबाबदारी घ्यावी, आणि ती पूर्ण निभवावी. पहिल्या वर्षी कोणतंही पद नको, फक्त एखाद्या कमिटीत हाताखाली काम. दुसऱ्या वर्षी एनएसएसचा गट किंवा फेस्टमधला एक लहान विभाग, उदाहरणार्थ नोंदणी. तिसऱ्या वर्षी एखादा पूर्ण कार्यक्रम. चौथ्या वर्षी फक्त प्रोजेक्ट.

मुलाखतीत या सगळ्याचा उपयोग होतो, पण जसा लोकांना वाटतो तसा नाही. बायोडेटात 'उत्तम नेतृत्वगुण' असं लिहिलेलं कुणी वाचत नाही. 'दोन दिवसांच्या कार्यक्रमात ३४० स्पर्धकांची नोंदणी आणि हिशेब, चार जणांच्या गटासह' असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो: 'सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?' मग 'तेव्हा तू काय केलंस? बाकीच्यांनी काय केलं?' खोटं सांगणारा तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो, कारण त्याला तपशील माहीत नसतो. यूपीएससीच्या २७५ गुणांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत ज्या गुणांकडे पाहिलं जातं त्यांत सामाजिक एकोपा साधण्याची आणि नेतृत्वाची क्षमता स्पष्ट लिहिलेली आहे. सैन्यदलाच्या एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीत, पाच दिवस पंधरा अधिकारीगुण तपासतात. तिथल्या गटकार्यांत दोरी, फळी आणि पिंप घेऊन अडथळा पार करायचा असतो, आणि सगळ्यांवर ओरडणारा उमेदवार अनेकदा बाहेर पडतो. दुसऱ्याची चांगली कल्पना उचलून धरणारा आणि फळीचं दुसरं टोक स्वतः पकडणारा लक्षात राहतो. मुलीला त्या वाटेने जायचं असेल तर एनसीसीचं सी प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाण्याची वेगळी वाट आहे, पदवीला किमान ५० टक्के आणि सी प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी असेल तर.

तुमच्या मुलीने या सेमिस्टरला काय करावं? तीन लहान गोष्टी. प्रॅक्टिकल बॅचमध्ये कोणाचं जर्नल कधी तपासायचं आहे याची यादी करून बॅचच्या ग्रुपवर टाकावी आणि ती शेवटपर्यंत चालवावी. आठवड्यातून एकदा तास संपल्यावर शिक्षकांना एक शंका विचारावी, मराठीत विचारली तरी चालते, बहुतेक शिक्षकांना त्याचा आनंदच होतो. आणि एनएसएसचा फॉर्म भरावा. वसतिगृहात मेस कमिटी असेल तर पुढच्या वर्षी तिकडेही बघावं, रोजच्या गव्हा-तांदळाचा नि भाजीचा हिशेब महिनाभर ठेवला की माणसांशी व्यवहार करण्याची भीती बरीचशी जाते.

जबाबदारी कुठलीही असो, ती सोडताना पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी एक फाइल ठेवावी. त्यात हे असावं: परवानगीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती आणि प्रत्येक सहीला किती दिवस लागले, मंडप, साउंड, छपाईवाल्यांचे नंबर आणि त्यांनी शेवटी घेतलेला दर, कोटेशनमधला नव्हे, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी, किती लोक अपेक्षित होते आणि किती आले, उरलेल्या सामानाची यादी आणि ते कोणत्या खोलीत, कोणाच्या किल्लीत आहे, आणि एका पानावर, काय वेगळं करायला हवं होतं. ही फाइल कार्यक्रमानंतर आठ दिवसांच्या आत लिहावी, पुढे तपशील आठवत नाहीत. एक प्रत प्रभारी शिक्षकांकडे द्यावी, कारण मुलं दर वर्षी बदलतात आणि शिक्षक बहुधा तेच राहतात.